उठायला निघालं की

१

माझे काका पाणी खात्यात होते. एकतीस वर्षं, एकाच टाकीवर. टाकी जमिनीखालची, त्यामुळे बाहेरून दिसायचा तो फक्त गवताचा चौकोनी उंचवटा, त्याच्या एका कोपऱ्यात लोखंडी झाकण आणि तिथून दहा पावलांवर काकांची खोली. खोलीत टेबल, खुर्ची, फोन, एक कपाट आणि एक जुनाट संगणक. टाकीच्या तळाशी पाण्याची पातळी मोजणारा गेज बसवलेला होता. त्याची केबल भिंतीतून वर येऊन त्या संगणकाच्या सिरियल पोर्टला जोडलेली होती. दर दहा मिनिटांनी गेज एक आकडा वर पाठवायचा, काका तो वहीत उतरवायचे. आकडा फार उतरला की पंप चालू, फार चढला की बंद. काम एवढंच. पण अर्ध्या शहराचं पाणी त्या टाकीतून जायचं, त्यामुळे सकाळी सातपासून संध्याकाळी सहाला मुख्य वाल्व बंद होईपर्यंत ती खुर्ची रिकामी ठेवून चालत नसे.

काका दीड महिन्यात निवृत्त होणार होते आणि त्यांच्या जागी कुणी येणार नव्हतं. आकडा वाचायचा आणि पंप चालवायचा हे एखाद्या प्रोग्रॅमनं करावं, असं खात्याच्या इंजिनियर बाईंनी ठरवलं होतं. "आमची पुतणीच करते असली कामं," असं काकांनी सांगितलं आणि काम माझ्याकडे आलं.

मी खरंच असलीच कामं करते. वजनकाटे, बाटल्या भरायची यंत्रं, प्रयोगशाळेतली जुनी खोकी. नवीन जगाशी ज्यांचं जमत नाही अशा यंत्रांशी बोलणारे छोटे प्रोग्रॅम लिहायचे. तीस-चाळीस ओळींची स्क्रिप्ट असते. मी बाईंना चार दिवस सांगितले आणि मनात दोन धरले.

पहिल्या सकाळी मी जुन्या संगणकाची केबल काढून माझ्या लॅपटॉपला लावली. पोर्टवरून एकेक अक्षर वाचायचं, ते पडद्यावर दाखवायचं, बस्स. सात मिनिटांनी आकडा आला. दोन मीटर चौऱ्याऐंशी. काकांनी वहीत लिहिला. सगळं झकास. मग प्रोग्रॅम थांबवायला मी कंट्रोल-सी दाबलं, आणि तो थांबला नाही.

यात नवल काहीच नव्हतं. प्रोग्रॅम लिहायच्या कित्येक भाषांमध्ये पोर्टवरून वाच म्हटलं की प्रोग्रॅम तिथेच ठाण मांडतो. अक्षर आल्याशिवाय उठत नाही. कंट्रोल-सी म्हणजे त्याला मारलेली हाक. काही संगणकांवर ती हाक दारापर्यंत पोचते, पण हातातलं वाचन संपेपर्यंत तो मान वळवून बघत नाही. मला हे पाठ आहे. मी खुर्ची सरकवली आणि पडद्यावरची प्रोग्रॅमची खिडकीच बंद करून टाकायला हात पुढे केला.

तेवढ्यात पडद्यावर एक टिंब आलं. आकडा नाही, नुसतं टिंब. अक्षर मिळालं म्हणून वाचन संपलं, प्रोग्रॅमला माझी हाक ऐकू गेली आणि तो थांबला.

केबल जुनी आहे, काहीतरी खरखर आली असेल, असं मी मनाशी म्हटलं.

"मधेच थांबवत नको जाऊस गं," काका मागून म्हणाले.

"का?"

"असंच." त्यांनी वही मिटली. "चहा घेतेस?"

२

खुर्चीत माणूस नसताना प्रोग्रॅमनं असं ठाण मांडणं परवडणारं नव्हतं. गेज बिघडला, केबल तुटली, तर स्क्रिप्ट बसेल वाट बघत आणि पंप तिकडे चालूच राहील. त्यावर साधा उपाय आहे. प्रोग्रॅमला सांगायचं, वीस सेकंद वाट बघ, काही आलं नाही तर रिकाम्या हातानं परत ये. परत आला की तो तुमची हाक ऐकतो, पंपाकडे बघतो, पुन्हा वाचायला बसतो.

मी वीस सेकंद टाकले आणि रिकाम्या हातानं परत येण्याची वाट बघत बसले.

तो रिकाम्या हातानं आलाच नाही. दर वेळी एक टिंब घेऊन आला. मला वाटलं, माझंच काही चुकलं. म्हणून प्रत्येक टिंबापुढे वेळ छापायला लावली. एकोणीस पूर्णांक सहा दशांश. एकोणीस पूर्णांक सात. पुन्हा एकोणीस पूर्णांक सहा.

मी बारा सेकंद केले. टिंब अकरा पूर्णांक सातला आलं. पंचेचाळीस केले. चव्वेचाळीस पूर्णांक सहा.

खरखर असती तर ती केव्हाही आली असती. मी किती वेळ थांबणार आहे हे खरखरीला कळत नाही. ते कळायला कुणीतरी माझा पडदा बघायला हवा. आणि माझा पडदा बघू शकेल अशी एकच व्यक्ती त्या खोलीत होती.

मी मागे वळून बघितलं. काका स्टुलावर बसून पेन्सिलीला टोक करत होते. ते माझ्याकडे बघत नव्हते, आणि मला वाटलं की अगदी मुद्दामच बघत नव्हते.

३

सख्ख्या काकांवर संशय घ्यायचा म्हणजे जिवावर येतं. मला सायकल त्यांनी शिकवली होती. वडील गेल्यावर माझी कॉलेजची फी भरायला माझ्याबरोबर रांगेत तेच उभे होते. पण संशयाची पाल एकदा चुकचुकली की प्रत्येक गोष्ट तिच्याच बाजूनं बोलते.

केबलच्या जोडावरचे दोन स्क्रू घासून चकचकीत झाले होते. बाकीचं सगळं गंजलेलं. म्हणजे कुणीतरी ते वारंवार काढत घालत होतं. टेबलाच्या खणात बारीक पेचकस सापडला. आणि माझं काम झालं की काकांची खुर्ची कायमची जाणार होती. काम झालंच नाही तर खात्याला त्यांना आणखी वर्षभर ठेवून घ्यावं लागलं असतं. माणसाला स्वतःच्या जागेची माया असते. मला राग नव्हता आला, फक्त त्यांनी मला सरळ सांगावं असं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, "काका, जरा बाजारातून मला एक अॅडॅप्टर आणून देता?"

"लंबूला पाठवतो की." लंबू म्हणजे वाल्व उघडझाप करणारा माणूस. पन्नाशीचा, उंची जेमतेम पाच फूट, म्हणून लंबू.

"त्याला नाही कळायचं. तुम्हीच जा."

ते उठले. दारापर्यंत गेले, थांबले, पडद्याकडे बघितलं. माझी स्क्रिप्ट तेव्हा नुसती वाचत बसली होती, वेळेची मर्यादा न घालता. पडद्यावर एक टिंब उमटलं. काकांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला तेव्हा अपराधी वाटलं. "लवकर येतो," ते म्हणाले. मला म्हणाले असं मी धरून चालले.

ते गेल्यावर मी दाराला कडी लावली. टेबलाखाली, कपाटामागे, भिंतीच्या भोकापर्यंत केबल हातानं चाचपली. कुठे जोड नाही, फाटा नाही. मग पुन्हा वीस सेकंद. टिंब. तीस सेकंद. टिंब. काका फाटकाबाहेर रस्ता ओलांडताना मला खिडकीतून दिसत होते आणि टिंबं अगदी वेळेवर येत होती.

संध्याकाळी मी काकूकडे गेले. ती कपड्यांच्या घड्या करत बसली होती.

"काकांना निवृत्त व्हायचं नाहीये का गं?" मी विचारलं.

"त्यांना?" काकू हसली. "कॅलेंडरवर फुल्या मारतात रोज. लहान मुलासारखे."

"मग ते मला काम करू का देत नाहीत?"

काकूनं हातातला टॉवेल खाली ठेवला. "तुला काय वाटतं ते मला माहीत नाही. पण त्यांच्या कामाचं काही विचारू नकोस. माझं ऑपरेशन होतं तेव्हा ते तीन तास उशिरा आले. नुसते बसून होते म्हणे खोलीत. साधं कारणही सांगितलं नाही. त्या दिवशी मला वाटलं की दुसरी बाई असती तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं."

ती हे हसत म्हणाली. पण टॉवेलची घडी तिनं तीनदा मोडून तीनदा घातली.

४

तिसऱ्या दिवशी मी खुंटा हलवून बळकट करायचं ठरवलं. किती थांबायचं हे मी ठरवायचंच नाही. स्क्रिप्टनंच दर वेळी मनाला येईल तो आकडा निवडावा, पाच सेकंद ते तीन मिनिटं, आणि तो कुठे दाखवूही नये. वाचन संपल्यावर मगच छापावा. म्हणजे त्या खोलीत, त्या शहरात, मलासुद्धा तो आधी माहीत नसेल.

चाळीस वेळा केलं. चाळीसही वेळा टिंब मर्यादेच्या जेमतेम अर्धा सेकंद आधी.

केबल उपसून काढली तर मात्र प्रोग्रॅम शहाण्यासारखा रिकाम्या हातानं परत येत होता. पुन्हा लावली की टिंबं. लॅपटॉप बदलला, अॅडॅप्टर बदलला. फरक नाही. म्हणजे जे काही होतं ते केबलच्या दुसऱ्या टोकाला होतं, सव्वातीन मीटर पाण्याखाली.

काका खोलीत होते. मी त्यांच्याकडे न बघता मर्यादाच काढून टाकली. वाच म्हणजे वाच, कायमचं. आणि बसले. दहा मिनिटांनी आकडा आला. पुढच्या दहा मिनिटांनी आकडा आला. मधे काही नाही. तासभर एकही टिंब नाही. मी थांबायला तयार होते तोवर त्याला काही म्हणायचं नव्हतं.

मग मला तहान लागली. पाण्याची बाटली कपाटावर होती. उठावं, असं मनात आलं.

टिंब आलं.

मी हात मांडीवर ठेवून बसून राहिले. डोकं कुरकुरत होतं की एकदा झालं म्हणजे काहीच सिद्ध होत नाही. म्हणून मी परीक्षा घेतली. उठायचं नसताना उठल्यासारखं केलं, खुर्ची जोरात मागे सरकवली. काही नाही. पुन्हा केलं. काही नाही. मग शांत बसल्या बसल्या, बोटही न हलवता, मी खरोखर ठरवलं की झालं, आता घरी जायचं, हे काम आपल्याला नको.

पडद्यावर एकामागून एक तीन टिंबं आली.

५

"किती वर्षं?" मी विचारलं.

काका खिडकीपाशी उभे होते. त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं नाही. "जुना संगणक बसवला तेव्हापासून. त्याआधी काटा होता, तो हलायचा."

"आणि तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत."

"काय सांगू? मी उठायला निघालो की गेज बोलतो म्हणून? पाणी खात्यात वेड्यांना दुसरं काम देत नाहीत, घरी पाठवतात." ते हसायचा प्रयत्न करत होते. "आधी मला वाटलं, वायरीत पाणी मुरतंय. स्क्रू काढून घासून बघितले. किती वेळा घासले असतील. मग सवय झाली. संध्याकाळी निघताना बोलतं थोडं, मी म्हणतो उद्या येतो. मग गप्प होतं."

"आणि काकूच्या ऑपरेशनच्या दिवशी?"

ते खिडकीतून टाकीच्या उंचवट्याकडे बघत होते.

"त्या दिवशी दुपारी निघायचं होतं. ते थांबेचना. पडदा भरून टिंबं. आणि आकडा चढायला लागला, पंप बंद असताना. मी दारात गेलो की चढायचा, बसलो की थांबायचा. टाकी भरून वाहिली तर खालच्या वस्तीत घरं आहेत." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "खरंच पाणी चढत होतं की नुसता आकडा, ते मी झाकण उघडून बघायला हवं होतं. नाही बघितलं."

मी त्यांच्यावर संशय घेतला होता हे त्यांना कळलं होतं की नाही, मला माहीत नाही. मी माफी मागितली नाही. त्या क्षणी माझ्या डोक्यात वेगळंच होतं. गुरुवारी वार्षिक सफाईसाठी टाकी रिकामी होणार होती. रिकाम्या टाकीत गेज हातानं सोडवून वर आणता येतो. खोलून बघितला की आत एखादा पाणी शिरलेला भाग सापडेल, आणि त्याचं असं वागणं कशामुळे हे मला समजेल. सगळ्याच गोष्टींचं शेवटी तसं काहीतरी निघतं. मी दहा वर्षं त्याच भरवशावर पोट भरते आहे.

"तू उतरू नकोस," काका म्हणाले.

"टाकी कोरडी असणार आहे, काका."

६

गुरुवारी सकाळी अकरा वाजता ऊन लख्ख होतं. लंबूनं झाकण उचललं. सफाईवाले पाणी काढून, दार-खिडक्या नसलेल्या त्या टाकीला दिवसभर हवा लागू दे म्हणून निघून गेले होते. लंबू झाकणापाशी उभा राहणार, काका खोलीत पडद्यासमोर. गेज सुटला की आकडा जाईल, ते काका ओरडून सांगतील.

शिडीच्या चौदा पायऱ्या मी मोजल्या. तळ कोरडा होता, फक्त कोपऱ्यात ओलसर गाळ. चार भिंती, आठ खांब, वरून येणारा उन्हाचा एक चौकोन. माझं प्रत्येक पाऊल तिथे चार वेळा वाजत होतं. मी एकदा खोकले तर तो खोकला खांबांमधून फिरून बऱ्याच वेळानं परत आला.

गेज शिडीजवळच्या भिंतीशी होता, पितळी डब्यासारखा, गुडघ्याएवढ्या उंचीवर. मी हातातला टॉर्च त्याच्या शेजारी जमिनीवर ठेवला, उजेड भिंतीवर पडेल असा, आणि उकिडवी बसले.

सगळ्या भिंतीवर हिरवट बुळबुळीत थर होता. एकतीस वर्षांचा, कदाचित जास्त; सफाईत एरवी फक्त तळाचा गाळ काढत असावेत. फक्त गेजच्या शेजारी एक जागा स्वच्छ होती. खालचं सिमेंट दिसेल इतकी घासलेली. तळहाताएवढी, लांबट गोल. कुणी तिथे बसून भिंतीला गाल टेकवला, तर कान नेमका केबलवर येईल. त्याच्या खाली, जमिनीलगत, आणखी दोन मोठे डाग होते, तेही तसेच झिजलेले.

सफाईवाल्यांनी केलं असेल, मी म्हटलं. घासायला सुरुवात केली असेल आणि सोडून दिलं असेल.

"शून्य दाखवतोय ना?" मी वर ओरडले.

माझा प्रश्न लंबूनं काकांना ओरडून पोचवला. उत्तर यायला वेळ लागला.

"नाही म्हणतात!" लंबू वाकून म्हणाला. "शून्य पूर्णांक दहा म्हणतात."

"दहा सेंटिमीटर? इथे थेंब नाहीये."

"वीस म्हणतात आता!" दहा मिनिटांनी यायचा तो आकडा काही सेकंदांत आला होता.

मी जमिनीकडे बघितलं. कोरडी. बुटांची टोकं कोरडी. मी पेचकस काढून पहिला स्क्रू पकडला आणि पाय बदलला. पावलाचा आवाज आला नाही.

मी पाय आपटला. मला धक्का जाणवला, टाचेला, गुडघ्याला. पण आवाज नाही. मी पेचकसानं भिंतीवर, छातीच्या उंचीवर टकटक केली. ते वाजलं, घुमलं. खाली वाकून घोट्यापाशी टकटक केली. काही नाही.

"चाळीस!" लंबू ओरडत होता. "काका म्हणतात वर ये! पन्नास!"

७

मी पळाले नाही. खरं तर पळायचं सुचलंच नाही. मी दोन मीटरवरच्या शिडीकडे चालत गेले आणि माझी पँट, माझे बूट काहीच आवाज करत नव्हते. पायांना कुठे अडत नव्हतं, कपडे ओले होत नव्हते. मी सतत स्वतःला तेच सांगत होते. कोरडं आहे. कोरडं आहे. शिडीला हात लावेपर्यंत लंबूचा "एक मीटर वीस" ऐकू आला. त्यानंतर काका स्वतः ओरडताना ऐकू आले, जवळून, म्हणजे ते खोलीबाहेर पळत आले असणार. "पोरी!" असं ते ओरडले आणि तो शब्द मधेच तुटला.

वर लंबूचं तोंड हलताना दिसत होतं. त्याच्या गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या. मला काही ऐकू येत नव्हतं. कानात दडे बसले होते. मी "काका" म्हटलं असावं. घशात हलल्यासारखं वाटलं, पण बाहेर काही आलं नाही. आणि माझी छाती श्वास घेईना. हवा होती. समोर, नाकासमोर हवा होती. पण तोंड उघडायची हिंमत होईना, पाण्याखाली होत नाही तशीच.

मग एकाएकी कान मोकळे झाले आणि माझाच श्वास मला भसकन ऐकू आला. मी चढले. पायांचा आवाज अजूनही येत नव्हता, हातांचा येत होता. तेरावी पायरी, चौदावी. लंबूनं दंड धरून मला गवतावर ओढलं.

मी वळून खाली बघितलं. बघायला नको होतं, पण आपण बघतोच.

उन्हाचा झोत सरळ आत पडत होता. शिडी निम्म्यावर वाकडी होती. ग्लासात चमचा ठेवला की जसा वाकतो तशी, एका नेमक्या रेषेत. रेषेच्या वर सरळ, खाली थोडी बाजूला. आणि तळाशी टॉर्च. मी तो भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. त्याचा उजेड आता भिंतीवर नव्हता. तो हळूहळू जमिनीवरून सरकत होता, एका खांबावर चढला, छतावर आला. कुणीतरी टॉर्च हातात घेऊन, त्यातून काय निघतं ते बघत, उलटासुलटा करावा तसा. मग तो झाकणाकडे वळायला लागला.

लंबूनं झाकण सोडून दिलं. केवढा तरी आवाज झाला.

"तू काय बघितलंस?" मी विचारलं.

"मी काही बघितलं नाही," लंबू म्हणाला. "तुम्हीही नाही बघितलं, ताई."

काका कुठे आहेत विचारल्यावर त्यानं खोलीकडे बोट केलं. तो म्हणाला, काका पळत झाकणापर्यंत अर्ध्यावर आले होते. आकडा दिसावा म्हणून लॅपटॉप तसाच हातात धरून, केबल ताणून. मग ते पडद्याकडे बघत थांबले, मागे फिरले आणि खोलीत जाऊन खुर्चीत बसले.

ते अजून तिथेच बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर. पडद्यावर एक मीटर पंचेचाळीस असा आकडा स्थिर होता. माझी उंची एक मीटर अठ्ठावन्न आहे. मी दारात उभी राहिले, पूर्ण कोरडी. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि मान हलवली. उठले मात्र नाहीत. संध्याकाळी सहापर्यंत उठले नाहीत.

८

इंजिनियर बाईंना मी कळवलं की केबलमध्ये पाणी मुरलंय, गेज खराब आहे, तळाशी काही ठेवू नका. हल्ली वरून, झाकणाजवळून आवाजानं पातळी मोजणारी उपकरणं मिळतात. त्यांनी तसं एक बसवलं. जुनी केबल भिंतीपाशी कापून तिच्या भोकात सिमेंट भरलं. नवीन प्रोग्रॅम दुसऱ्या कुणीतरी लिहिला, माझं नाव त्यात नाही. तो छान चालतो असं ऐकते. पहिल्या दिवशीच तपासलं म्हणे, वेळेची मर्यादा संपली की रिकाम्या हातानं परत येतो.

काका ठरल्या दिवशी निवृत्त झाले. केक कापला, भाषणं झाली. शेवटी खुर्चीतून उठताना ते क्षणभर थबकले. खोलीत कसलाच आवाज नव्हता. मग ते उठले आणि माझा हात धरून बाहेर आले. फाटकाबाहेर पडल्यावर त्यांनी हळूच उडी मारली, दोन्ही पाय उचलून. साठीच्या माणसानं. मी आणि काकू पोट धरून हसलो.

महिन्याभरानं मी त्यांच्याकडे गेले. दार काकूनं उघडलं. ती वाळली होती.

"आत आहेत," ती म्हणाली. "स्वयंपाकघरात."

"स्वयंपाकघरात? आता स्वयंपाक शिकले की काय?"

ती दारातून बाजूला झाली. काका ओट्यासमोर खुर्ची टाकून बसले होते. दाढी वाढलेली, पण चेहरा शांत. मला बघून खूष झाले. आम्ही गप्पा मारल्या, नेहमीसारख्या. माझ्या नवऱ्याची बदली, काकूच्या बहिणीचं नवीन घर. काकूनं चहा दिला. फिरायला जाता का, असं मी विचारलं, तर काका म्हणाले, जाऊ की, जाऊ.

"नळाचा वॉशर तीनदा बदलला," काकू मधेच म्हणाली. कुणी विचारलं नसताना. "प्लंबर म्हणतो, नळात काही दोष नाही."

मी नळाकडे बघितलं. कोरडा, घट्ट बंद. भांडी घासून पालथी घातलेली. मी जवळजवळ तासभर तिथे होते आणि त्या नळातून एक थेंब पडला नव्हता.

उशीर होतोय, असं माझ्या मनात आलं. निघायला हवं.

टप्.

काकूनं डोळे मिटून घेतले. मी काकांकडे बघितलं. ते नळाकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते. मला ऐकू आलं की नाही, हे त्यांना बघायचं होतं.

मी उठले. खरंच उठले, पर्स खांद्याला लावली, कारण मला ते खोटं पाडायचं होतं. टप्. टप्. मी दाराकडे एक पाऊल टाकलं आणि थेंबांची धार झाली. सिंकच्या खाली, भिंतीच्या आत, पाइपातून काहीतरी भरत भरत वर येत असल्याचा आवाज यायला लागला.

काका खुर्चीत पुढे वाकले. तान्ह्या बाळाला थोपटताना वापरतात तसल्या आवाजात ते नळाला म्हणाले, "आहे, आहे. मी कुठे जातोय?"

धार थांबली. एक थेंब नळाच्या तोंडाशी लोंबकळत राहिला, पडला नाही.

मी पर्स धरून तिथेच उभी होते. काकूनं मला मागून हलकेच दाराकडे ढकललं.

"तू जा पोरी," काका म्हणाले. त्यांची नजर त्या थेंबावरून हलली नाही. "मी बसलोय."